वरचा कोपरा

धंतोलीत डॉक्टर ठवकरांनी
चिठ्ठीच्या पाठीमागे माझं पोट काढलं,
वांग्यासारखं, जरा कलतं,
आणि वरच्या फुगीर कोपऱ्यावर रेघा मारत म्हणाले,
"भुकेची हाक जास्त करून इथून जाते. घ्रेलिन.
हा भागच काढायचा."
मी विचारलं, काढून ठेवता कुठे?
ते हसले. गुणवंतही हसले.
मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

एकशे अठरा किलो.
गोळीबार चौकाच्या मागे आमचं सावजी भोजनालय, सहा टेबलं,
मसाला मीच भाजते:
दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, मिरे.
वाटता वाटता चाखते, म्हणून सगळे म्हणत.
सासूबाई गिऱ्हाइकांसमोर म्हणायच्या,
"जिभेले लगामच नाही वं तुह्या, करुणे."
मी चतुर्थ्या धरल्या, सोळा सोमवार धरले,
अंबाझरीला पहाटे चालले, गुडघे सुजेपर्यंत.
आणि रात्री अडीचला उठून
टोपल्यातली गार भाकर खाल्ली,
उभ्यानं, दिवा न लावता,
पापडाचा डबा वाजू नये म्हणून श्वास धरून.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी
वरणाच्या निवळीचे तीन चमचे घेतले
आणि आतून कोणीतरी म्हणालं,
बस.
त्रेचाळीस वर्षांत हा शब्द
मी आतून ऐकला नव्हता.

आता म्हणे घास भरभर खाली उतरतो,
आतड्याचं पार टोकाचं गाव जागं होतं
आणि मेंदूला कळवतं, पोचलं, पुरे.
इन्सुलिनची सुई दुसऱ्या आठवड्यातच सुटली,
वजनकाटा अजून जागचा हलला नव्हता तेव्हा.
चरबीही बोलायची म्हणे, सारखी,
इतकी की मेंदू बहिरा झाला होता तिला.
आता ती वितळते आहे, आणि जाता जाता
जुनं साठवलेलं काय काय सोडते आहे:
दीड वर्ष रुसलेली पाळी आली,
केस मूठ मूठ गेले,
आणि सीताबर्डीत ब्लाउजचं कापड घेताना
उगाच रडू फुटलं.
दुकानदारानं भाव कमी केला.

लोक म्हणतात, "किती मनावर घेतलंत, ताई!"
मनाला विचारलं कोणी?
ती अडीचची चोर जर मी नव्हते,
एका कोपऱ्यातून सुटलेला थेंब होता,
तर अर्ध्या वाटीवर हात धुणारी
ही शहाणी तरी मी कशी?
सासूबाई असत्या तर ही चिठ्ठी दाखवली असती.
फोटोला दाखवली एकदा.
फोटोला चष्मा नाही.

मसाला अजून मीच भाजते.
वास येतो, सगळा येतो, नाकापर्यंत,
आणि तिथेच थांबतो, परक्या घराच्या दारात थांबावं तसा.
मीठ पाहायला रस्सा तळहातावर घेते,
"बरोबर आहे," म्हणते,
जशी उधारीची वही तपासते.
तिची आठवण येते, खोटं कशाला बोलू.
तिनं मला फार छळलं,
पण सोबतीला रोज होती.

मे महिना. शेहेचाळीस पार.
कूलरमधलं पाणी संपून नुसती घरघर चाललेली,
अकरावा महिना लागलेला,
आणि अडीचच्या सुमारास आत काहीतरी
टकटकलं. एकदाच. हलकंच.
डॉक्टर म्हणाले होतेच, थोडी परतते कधी कधी.
घाबरले आधी.
मग उठले, दिवा लावला,
पाट घेतला,
चतकोर भाकर, वर जवसाची चटणी,
आणि मांडी घालून बसले.
गुणवंत झोपेतून म्हणाले, "काऊन वं, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं,
"भूक लागली."